जनावरांच्या गुंगीच्या औषधावर बंदी घातली तर नशेनं मरणारी माणसं वाचतील का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. अमेरिकेत फेंटानिलमध्ये, म्हणजे अफूच्या वर्गातल्या एका जालीम औषधात, जनावरांचं गुंगीचं औषध मिसळतात आणि त्यानं माणसं मरतात, मग आपल्याकडं पशुवैद्यांकडं सहज मिळणाऱ्या या औषधावर सरकार सरळ बंदी का घालत नाही, ही एक. आणि असं मिश्रण घेतलेला माणूस वाचतो का, ही दुसरी. पहिलीचं उत्तर: बंदी नको. दुसरीचं: वाचतो, घरच्यांनी खरं सांगितलं तर.

मी पशुवैद्य आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत नोकरी करता करता केस पिकले. तुमच्यासारखंच वाक्य आमच्या दाजींनी मला दवाखान्याच्या व्हरांड्यात चारचौघांत ऐकवलं होतं: "तुमच्यासारख्यांकडूनच बाहेर पडतं हे." म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्या औषधाबद्दल तुम्ही बोलताय त्याचं नाव झायलाझिन. सांगोला-मंगळवेढ्याकडचा खिलार बैल ज्यानं जवळून पाहिलाय त्याला सांगायला नको, शिंगाचा कॅन्सर झालेल्या अशा बैलाचं शिंग काढायचं तर नुसत्या कासऱ्यानं आणि चार गड्यांनी भागत नाही. सुई द्यायची आणि बाजूला व्हायचं. दहा-पंधरा मिनिटांत मान खाली येते, पापण्या जड होतात, तोंडातून लाळेच्या तारा लागतात आणि बैल गुडघे टेकून बसतो. आमचं काम तिथून पुढं वाढतं. त्याला छातीवर बसवून ठेवायचं, आडवा पडू द्यायचा नाही, तोंड उताराला ठेवायचं, म्हणजे लाळ आणि पोटातलं पाणी फुप्फुसात उतरत नाही. एक माणूस सारखा डाव्या कुशीवर हात ठेवून बसलेला असतो, कारण पोट फुगलं की श्वास कोंडतो. घोड्याला लागतं त्याच्या साधारण एक दशांश मात्रा गायीबैलाला पुरते. प्लास्टिक खाल्लेल्या गायीचं पोट उघडायचं असो की अडलेल्या म्हशीला हात घालायचा असो, या औषधावाचून आमचं पान हलत नाही. बंदी घातली तर आम्ही पुन्हा जनावर दोरांनी पाडून जिवंतपणी कापायचं का? केटामाइन हे भुलीचं औषध एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली गेलं तेव्हा त्याच्या एकेका बाटलीसाठी काय धावपळ झाली ते आम्ही पाहिलंय.

हे औषध १९६२ साली जर्मनीत बायर कंपनीनं शोधलं, तेही माणसांच्या रक्तदाबासाठी. पण माणसाचा रक्तदाब आणि नाडी त्यानं इतकी उतरायची की माणसांसाठी ते सोडून दिलं. अमेरिकेत १९७२ साली त्याला जनावरांसाठी मान्यता मिळाली. पुढं २००० नंतरच्या वर्षांत पोर्टो रिकोत ते हेरॉईनमध्ये सापडायला लागलं आणि मग फिलाडेल्फियात पसरलं. फेंटानिलचा अंमल लवकर उतरतो, झायलाझिननं तो लांबतो आणि मालही स्वस्तात वाढतो. त्यांच्या सरकारी आकडेवारीत झायलाझिन आढळलेले मृत्यू २०१८ साली १०२ होते, २०२१ साली ३,४६८ झाले. पण त्या मृतदेहांत जवळपास सगळीकडं फेंटानिलही होतं, आणि श्वास बंद पाडतं ते मुख्यतः फेंटानिल. झायलाझिन वरून रक्तदाब आणि नाडी पाडतं, माणसाला तासन् तास उठू देत नाही आणि अंगावर अशा जखमा करतं की मांस काळं पडून झडतं. सुई टोचलेली नसते तिथंही.

आणि ते येतं कुठून? काही माल जनावरांच्या औषधांतून चोरलेला असतो, हे खरं. पण अमेरिकेच्याच अमली पदार्थ खात्यानं लिहिलंय की चीनमधून त्याची पावडर ऑनलाइन ६ ते २० डॉलर किलोनं मिळते. किलोनं! माझ्या दवाखान्याच्या कपाटात छोट्या बाटल्या असतात, आणि त्यांची नोंद मी मिलिलिटरमध्ये ठेवते. फिलाडेल्फिया ज्या राज्यात आहे त्या पेनसिल्व्हेनियानं २०२३ साली झायलाझिन नियंत्रित औषधांच्या यादीत घातलं, पशुवैद्यांना सूट ठेवून. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियातल्या मालात मेडेटोमिडिन दिसायला लागलं. तेही आमच्याच पेशातलं, त्याच वर्गातलं, आणि कितीतरी जालीम. २०२४ संपेपर्यंत तिथल्या बहुतांश नमुन्यांत ते होतं. त्याची सवय लागलेला माणूस ते न मिळाल्यावर रक्तदाब भडकून, कापत, ओकत थेट अतिदक्षता विभागात जातो. म्हणून मी बंदीच्या विरुद्ध आहे. एक नाव यादीत गेलं की मिसळणारा दुसरं नाव आणतो, आणि घेणाऱ्याला दोन्ही वेळेला पत्ता नसतो.

आता सोलापूरचं बोलते, कारण हे अमेरिकेचं दुखणं आहे असं समजून आपण बातमी वाचून पान उलटतो. आपल्याकडं नशेच्या मालात फेंटानिल फारसं नाही, पण जनावराची गुंगी माणसाच्या पोटात घालायचा धंदा आपल्याकडं जुना आहे. क्लोरल हायड्रेट. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिखनं ते १८३२ साली तयार केलं, १८६९ पासून माणसांना झोपेसाठी द्यायला लागले, आणि मग कित्येक दशकं घोड्यांना, गुरांना भूल द्यायला तेच वापरलं. आमच्या जुन्या पुस्तकांत पोटात नळी घालून किती द्यायचं याचे तक्ते आहेत. तेच क्लोरल आज ताडीत जातं. शहरात आणि आसपास ताडाची झाडं किती, एका झाडाची ताडी किती आणि रोज विकली जाते किती, हा हिशोब कुणीही मांडून बघावा. बाकीचं पाणी, साखर, सॅकरिन आणि पावडर असतं. एक्साइजच्या धाडीत पावडर पकडल्याच्या बातम्या आपण सगळे वाचतो.

आमचा भाचा टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला होता. बारा तास मागावर उभं राहून पाय भरून येतात, म्हणून कुणीतरी त्याला गोळी दिली. पहिली पाय दुखायचे थांबावेत म्हणून, पुढच्या कशासाठी ते त्यालाच ठाऊक. आधी सुट्टीच्या दिवशी गोळीवर ताडी, पुढं रोजच. घरात सगळ्यांना अंदाज होता, बोलत कुणी नव्हतं. दाजी गल्लीतल्या मंडळाचे अध्यक्ष, मिरवणुकीत पुढं फेटा बांधून चालणारे. त्यांच्या घरात असलं काही असूच शकत नव्हतं.

मे महिन्यातली संध्याकाळ होती. भाचीचा फोन आला, "मावशी, दादा उठत नाहीये. बाबा म्हणतात ऊन लागलंय." मी पोचले तर पोरगा बाहेरच्या खोलीत फरशीवर उताणा. ताई तळपायाला कांदा चोळत होती. उन्हानं पडलेल्या माणसाचं अंग तापलेलं असतं. याचं गार आणि चिकट होतं. घोरत होता, पण त्या घोरण्यात मधेच घशात पाणी खळखळल्यासारखा आवाज यायचा आणि मग काहीच नाही. मी त्याच्या पोटावर हात ठेवून घड्याळ लावलं. मिनिटाला सहा श्वास. निरोगी माणसाला बारा ते वीस असतात. ओठ जांभळट. मोबाइलच्या उजेडात पापणी उचलली तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

त्याला कुशीवर वळवलं, हनुवटी वर केली. "काय घेतलंय यानं?" दाजी म्हणाले, "काही नाही. दुपारी उन्हात हिंडला." मी पुन्हा विचारलं, तेच उत्तर. तेव्हा भाचीनं मुठीतला तुकडा माझ्या हातात सरकवला. गोळ्यांच्या पाकिटाचा फाटका चंदेरी तुकडा, चार घरं रिकामी, आणि छापलेल्या नावातली शेवटची अक्षरं तेवढी शिल्लक: "डॉल". ट्रॅमाडॉल असेल नाहीतर टॅपेंटाडॉल. मला तेवढं पुरेसं होतं, कारण दोन्ही अफूच्या वर्गातल्या. दाजींनी ते बघितलं आणि भाचीकडं असं बघितलं की ती आत निघून गेली.

रिक्षात घालून नेलं. दवाखान्यात तरुण डॉक्टरबाई होत्या. दाजी पुढं होऊन म्हणाले, "भोवळ आली, मॅडम. सकाळपासून जेवला नाही, शुगर उतरली असणार." बाईंनी बोट टोचलं, साखर ठीक. मेंदूचा फोटो काढायचा का, असं त्यांचं सुरू झालं तेव्हा मी तो तुकडा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "अफूच्या वर्गातली गोळी आहे, वर ताडी आहे, आणि ताडीत क्लोरल असणार." दाजी माझा दंड धरून मागं ओढत होते. त्या बाईंनी पुढं एक शब्द विचारला नाही. तोंडावर मास्क बसवून पिशवीनं श्वास द्यायला सुरुवात केली आणि शिरेतून नॅलॉक्सोन दिलं, थोडं थोडं करून.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. नॅलॉक्सोन अफूच्या वर्गाचा उतारा आहे. दोन-तीन मिनिटांत पोराचा श्वास चौदावर आला, ओठांचा रंग परतला. पण डोळे उघडले नाहीत. हाक मारली, चिमटा काढला, तरी नाही. तोवर गल्लीतले पंधरा-वीस जण जमले होते आणि आरडाओरडा सुरू झाला: इंजेक्शन लागू पडलं नाही, हलवा इथून, मोठ्या दवाखान्यात न्या. डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या, "श्वास आलाय. मला तेवढंच पाहिजे होतं." त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. क्लोरलवर नॅलॉक्सोन चालत नाही, झायलाझिनवरही चालत नाही. मिश्रण घेतलेला माणूस श्वास घ्यायला लागतो आणि तरी झोपूनच राहतो. अमेरिकेत सुरुवातीला हाच घोटाळा व्हायचा. माणूस उठेना म्हणून एकावर एक मात्रा द्यायचे, आणि शुद्धीवर येण्याऐवजी नशा तुटल्याची तडफड सुरू व्हायची. आता तिकडं शिकवतात की जाग बघू नका, श्वास बघा. आणि मिश्रणाची शंका असली तरी नॅलॉक्सोन द्यायचंच, कारण श्वास रोखणारं अफूवर्गीय औषध सोबत असतंच.

जनावरांत आम्ही झायलाझिन उतरवायला योहिम्बिन किंवा टोलाझोलिन देतो, दहा मिनिटांत जनावर उभं राहतं. माणसांसाठी या कामाला त्यांना मान्यता नाही. म्हणून कुणी पशुवैद्याकडं "तुमचा उतारा द्या" म्हणून येऊ नये, आणि आला तर पशुवैद्यानं देऊ नये.

पोराला रात्रभर ऑक्सिजन आणि मॉनिटर लावून ठेवलं. नॅलॉक्सोनचा असर तास-दीड तासात ओसरतो, गोळीचा टिकतो, त्यामुळं श्वास पुन्हा बुडतो. क्लोरलनं हृदयाचे ठोके बिघडतात, ते वेगळंच. पहाटे पुन्हा एकदा नॅलॉक्सोन लागलं. सकाळी उशिरा त्यानं डोळे उघडले आणि ताईला ओळखलं.

त्याच्याबरोबर त्या दुपारी आणखी एक पोरगा बसला होता. त्याच पाळीतला, तीच गोळी, तीच ताडी. तो चालत घरी गेला, भिंतीकडं तोंड करून झोपला. घरच्यांनी चौकशी केली नाही असं नाही. आई दोनदा येऊन बघून गेली. घोरत होता. घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, रात्रपाळीचं पोर, झोपू दे. सकाळी तो थंड होता.

आता दाजींचा मुद्दा. डॉक्टरबाईंनी केस एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, केली, पोलीस जबाबाला आले, गल्लीत बोलबाला झाला, भाचीच्या सोयरिकीचं बोलणं चालू होतं ते थांबलं. हे सगळं मी केलं असं त्यांचं म्हणणं. "भोवळ म्हणून सांगितलं असतं तरी डॉक्टरनं ओळखलंच असतं की." नसतं ओळखलं, दाजी. म्हणजे कदाचित तासाभरानं ओळखलं असतं, फोटो काढून, रक्त तपासून. मिनिटाला सहा श्वास घेणाऱ्याकडं तो तास नव्हता. आपल्याकडच्या नेहमीच्या तपासणीत क्लोरल कळत नाही, टॅपेंटाडॉलही सहसा सापडत नाही. डॉक्टरला कळायचा जलद मार्ग एकच, सोबत आलेल्यानं सांगणं. आणि एमएलसी म्हणजे गुन्हा नव्हे, ती नोंद आहे. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला, सेवनाचा किंवा अगदी थोडा माल बाळगल्याचा आरोप असला तर, एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देतं. आमच्या पोरावर कसलाही गुन्हा दाखल झाला नाही. ताडी विकणाऱ्यावर झाला पाहिजे होता, तोही झाला नाही, आणि त्याबद्दल मंडळाच्या अध्यक्षांनी एक अर्ज दिला नाही. पोटच्या पोराला विष घातलं त्याच्यावर राग नाही, विषाचं नाव घेतलं तिच्यावर राग.

"जनावरांचं औषध तुमच्याकडूनच बाहेर पडतं" हे त्यांनी त्याच रात्री म्हटलं. मी उत्तर दिलं नव्हतं, आज देते. क्लोरल आमच्या दवाखान्यांतून केव्हाच हद्दपार झालंय. त्याची जागा झायलाझिननंच घेतली.

घरी आणल्यावर काय केलं तेही सांगते, कारण घरोघरी हेच करतात. दाजींनी पोराला माडीवरच्या खोलीत कोंडलं. आता नशा अंगातून निघू दे म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे दिसायला लागले, अंग थरथरायला लागलं आणि झटका आला. पुन्हा दवाखाना. क्लोरलची, झोपेच्या गोळ्यांची रोजची सवय एकदम तोडली की असं होतं आणि त्यातही माणूस दगावतो. २०१५ साली तेलंगणात भेसळीच्या ताडीवर कारवाई झाली तेव्हा निजामाबाद, महबूबनगरच्या दवाखान्यांत अशा रुग्णांची रीघ लागली होती. कोंडू नका. मानसोपचार विभागात न्या, तिथं औषध देऊन टप्प्याटप्प्यानं उतरवतात. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, पैसे लागत नाहीत. भाचा आता बरा आहे, कारखाना बदललाय, पाळी दिवसाची घेतलीय.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. मी जनावरांची डॉक्टर, माणसांची नाही. वर लिहिलंय ते दवाखान्यात पोचेपर्यंत कामाला येईल एवढंच. बेशुद्ध माणसाला लिंबूपाणी, ताक, मिठाचं पाणी काही पाजू नका, ते फुप्फुसात जातं. १०८ ला फोन करा, कुशीवर वळवा, पोटावर हात ठेवून श्वास मोजा, श्वास थांबला तर तोंडानं द्या. ताडीचं म्हणाल तर झाडावरून उतरवलेल्या ताज्या ताडीबद्दल माझं काही म्हणणं नाही. आणि पशुवैद्यांत सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असंही मी म्हणत नाही. चिठ्ठी न बघता झायलाझिन देणारी दुकानं आहेत, पदवी नसताना पिशवीत बाटली घेऊन गोठे फिरणारे आहेत. त्यांच्यावर कडक नजर ठेवा, बाटलीबाटलीचा हिशोब मागा, माझाही मागा.

पण बंदीचीच मागणी करायची असेल तर क्लोरलच्या मोकळ्या विक्रीवर बंदी मागा. प्रयोगशाळेला आणि एखाद्या तपासणीआधी लहान मुलांना झोपवायला ते लागतं तेवढंच, आणि तिथं ते नोंद ठेवून देता येतं. पोत्यानं घेणारा ते कशासाठी घेतो, हे विकणाऱ्यालाही माहीत असतं आणि तपासणाऱ्यालाही.